घाटात बंद, गॅरेजात चालू: जुन्या पेट्रोल गाडीतला लपाछपीचा दोष कसा पकडायचा

गाडी आंबा घाटात बंद पडते. पंधरा-वीस मिनिटं बोनेट उघडून ठेवलं की एका सेल्फमध्ये चालू होते, आणि साखरप्याला गॅरेजात नेईपर्यंत तिला काही झालेलंच नसतं. मेकॅनिक प्लग साफ करतो, रेसिंग थोडी वाढवून देतो. आठवड्याने पुन्हा तोच प्रकार. मग कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी जोरदार करंट तयार करणारी) बदलली जाते, मग पंप, मग कार्ब्युरेटर. एवढं करून दोष असतो तिथेच, कारण गाडी चालू असताना तो दिसतच नाही. तो दिसतो फक्त गाडी बंद पडलेली असते त्या दहा-वीस मिनिटांत. ती वेळ सेल्फ मारत बसण्यात गेली की पुरावा गेला. खाली दिलेली बरीचशी कामं म्हणजे त्या दहा मिनिटांची तयारी आहे.

हे सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे: कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी, आणि २००० च्या आसपास रस्त्यावर आलेल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजिनाच्या कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाच्या ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो. आपली गाडी कुठल्या प्रकारची, ते आधी ठरवा. डॅशबोर्डवर चोकची खुंटी असेल तर कार्ब्युरेटर. चावी ऑन केल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागत असेल तर एमपीएफआय.

बंद पडल्या क्षणी

इंजिन बंद झालं तरी ब्रेक लागतो, पण बूस्टरमध्ये (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यात) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच उरलेला असतो. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. पॉवर स्टीअरिंग असेल तर ते जड होईल. चावी मागे फिरवून काढू नका, स्टीअरिंग लॉक होतं. वळण टाळून गाडी डाव्या कडेला घ्या, हॅझार्ड दिवे लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून रस्त्याबाहेर टाकायचाच. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.

वही

डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा. प्रत्येक वेळी लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, चढ होता की उभी होती, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू होता का, आणि किती वेळाने पुन्हा चालू झाली. सगळ्यात महत्त्वाचं, बंद कशी पडली ते लिहा. दिव्याचं बटण दाबावं तशी एका क्षणात गेली तर दोष बहुधा करंटचा: कॉइल, सेन्सर, रिले (करंटने चालणारा स्विच), चावीचा स्विच, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनाशी आणि बॉडीशी जोडणी). आधी झटके मारले, ओढ गेली, पाय दाबला तरी रेस घेईना आणि मग मेली, तर बहुधा पेट्रोलचा. चालताना ठीक, पण पाय काढला की किंवा सिग्नलला थांबलं की बंद, तर आयडलिंगकडे बघायचं. तीन-चार नोंदी झाल्या की निम्मं काम झालेलं असतं.

दहा मिनिटांत काय तपासायचं

डिकीत एका पिशवीत हे असू द्या: एक सुटा प्लग, हातभर वायर, टेस्ट लॅम्प, साधा मल्टीमीटर, पारदर्शक बाटली, कोरडं फडकं, पॉलिश पेपर, १० आणि १२ नंबरचे पाने, सुटे फ्यूज, टॉर्च, दोन लिटर पाणी.

१. सेल्फ मारण्याआधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. जोरात सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर टाकीची हवेची नळी बंद आहे. बाहेर निघणारा वाफेचा हलका फुस्स मात्र उन्हाळ्यात चालायचाच.

२. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे लागले का? एमपीएफआय गाडीत इंजिनाचा दिवा लागला का? मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐकू आली का? इंजिनाचा दिवाच लागला नाही तर ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) करंट पोचत नाही: मुख्य रिले, फ्यूज, चावीचा स्विच किंवा अर्थिंग. दिवा लागला पण पंप गप्प, तर पंप, त्याचा रिले किंवा वायर.

३. प्लगला करंट येतो का बघा. एक प्लग वायर काढून सुट्या प्लगला लावा, प्लगचा लोखंडी भाग वायरने इंजिनाला नीट बांधा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळसर-पांढरी, चटचट आवाजाची हवी. पिवळी-तांबडी, मरगळलेली असेल तर करंट कमजोर आहे. वायर हातात धरू नका आणि अधांतरी सोडूनही सेल्फ मारू नका. एमपीएफआयमध्ये त्याने कॉइल आणि इग्नायटर जळू शकतात.

४. ठिणगी ठीक असेल तर पेट्रोल बघा, पण आधी प्लग वायर जागेवर बसवा. उघडं पेट्रोल आणि उघडी ठिणगी एका वेळी कधीच नको. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत कॉइलची बारीक वायर (ठिणगीची जाड वायर नव्हे) सोडा, कार्ब्युरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला चिळकांडी उडायला हवी. नुसतं ठिबकत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा एसी पंपाचा (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा, थंड हवेच्या एसीचा नव्हे) डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, गेलाय. एमपीएफआयचा पाइप रस्त्यात उघडू नका. त्यात साधारण अडीच ते तीन बार दाब असतो, गरम इंजिनावर पेट्रोल उडून भडका होऊ शकतो. तिथे पंपाच्या आवाजावरच भागवा. आवाज नसेल तर टाकीच्या बुडाला लाकडी दांड्याने हलके ठोका. ठोकल्यावर पंप फिरला तर त्याचे ब्रश झिजलेत. घरी पोचाल, पण पंप बदलायलाच हवा.

या चार तपासण्यांचं उत्तर वहीत लिहिलं की गॅरेजात "गाडी बंद पडते" एवढंच सांगावं लागत नाही. "तापल्यावर बंद पडते, पंप वाजतो, ठिणगी नाही" असं सांगता येतं. त्याने मेकॅनिकचे चार तास आणि तुमचे दोन सुटे भाग वाचतात.

किनाऱ्यावर सुरुवात अर्थिंगपासून

पुण्या-कोल्हापूरकडे लिहिलेल्या सल्ल्यात अर्थिंग शेवटी येतं. मालवण, देवगड, गुहागर, हर्णैच्या गाडीत ते सगळ्यात आधी बघावं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धातूवर बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. तांब्या-पितळेवर हिरवी भुकटी येते, लोखंडी बोल्टखाली गंज शिरतो. बाहेरून वायर घट्ट दिसते, आत धातूला धातू निम्माच टेकलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर थरथरत असतं, खड्डा आला की तो निम्मा संपर्कही सुटतो. क्षणभर करंट गेला की इंजिन मेलं. पुढच्या क्षणी संपर्क जुळतो आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू होते.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. आता एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच) आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा लावलेला असताना ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. सेल्फ मारताना तो वाढतो, पण अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. मग दुसरं टोक बॉडीवर ठेवून तेच करा.

साफ करायची पद्धत अशी. बॅटरीची मायनस आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. अर्थिंगचा बोल्ट पूर्ण काढा, वायरचं टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. आधी लावून मग आवळू नका. वायरच्या टोकाजवळचं आवरण सोलून बघा. आतली तार काळी-हिरवी पडली असेल तर घासून उपयोग नाही, वायरच बदला. इंजिन ते बॉडी अशी १६ चौरस मिमीची एक जादा वायर टाकून घेतली तर फारच उत्तम. किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या गाडीत ती असावी.

त्याच बैठकीत फ्यूज बॉक्स उघडा. प्रत्येक फ्यूज काढून पाय बघा, हिरवे झाले असतील तर नवा घाला. मग इंजिन आयडलवर ठेवून एकेक कनेक्टर, वायरचा जुडगा, चावी हळूच हलवा. कुठे हलवल्यावर इंजिन अडखळलं तर सापडलं. चावीला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा लटकवायची सवय असेल तर ती सोडा. त्या वजनाने स्विचचे आतले पॉइंट झिजतात आणि खड्ड्यात करंट तुटतो.

पावसाळ्यात उंदीर आणि घुशी गरम, कोरड्या बोनेटखाली येतात. हवेच्या फिल्टरच्या डब्याखाली आणि बॅटरीमागे टॉर्च मारून कुरतडलेल्या वायर बघा. गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी गावातली महिनोन् महिने उभी गाडी काढतात तेव्हा हे आधी बघावं. पुळणीवर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. बोनेटखाली मात्र प्रेशरचं पाणी मारू नका, मीठ कनेक्टरच्या आत ढकललं जातं.

पावसात बंद पडणारी गाडी

डेल्को (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) असलेल्या गाडीत पहिला संशय त्याच्या टोपीवर. टोपी काढा, आतून कोरडी पुसा आणि उजेडात धरा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट त्या वाटेने पळतोय. पुसून ती जात नाही, टोपी बदला. रोटरचं टोक आणि मधला कार्बनही बघा. मग रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लग वायरांवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर फुटक्या आहेत. एकच न बदलता सगळा सेट बदला.

डेल्कोत पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. पॉइंट काळे-निळे जळत असतील तर कंडेन्सर बदला. प्लगचा गॅप कार्ब्युरेटरवाल्या गाडीत साधारण ०.७ ते ०.८ मिमी, एमपीएफआयमध्ये बहुधा १.० ते १.१. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

मोरीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि ती पाण्यातच बंद पडली, तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, हवेचा फिल्टर ओला आहे का बघा, ओला असेल तर प्लग काढून मगच इंजिन फिरवायचं. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पुरात बुडालेली गाडी सेकंडहँडमध्ये हाती आली असेल, तर गालिच्याखालचे कनेक्टर आणि ईसीयूचा प्लग आधी उघडून बघा. तिथला चिखल वर्षानुवर्षं असेच दोष देत राहतो.

पेट्रोलच्या बाजूने

टाकीची हवेची नळी बंद होण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण म्हणजे कुंभारीण माशी. माडाखाली, फणसाखाली उभ्या गाडीच्या नळीच्या तोंडात ती मातीचं घर करते. टाकीतून पेट्रोल जातं पण जागा भरायला हवा येत नाही, व्हॅक्यूम तयार होतो आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर पंपाला पेट्रोल ओढवत नाही. तारेने साफ करा, नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

फिल्टर दर दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदला. जुन्या पत्र्याच्या टाकीत आतून गंज धरतो आणि त्याची तांबडी पूड फिल्टरमध्ये जमते. काढलेला फिल्टर उलटा करून पांढऱ्या फडक्यावर पेट्रोल ओता. तांबडी पूड दिसली तर नुसता फिल्टर बदलून दोष महिन्याभरात परत येईल, टाकी उतरवून धुवावी लागेल. पाण्याचा संशय असेल तर पारदर्शक बाटलीत पेट्रोल घेऊन तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसेल. आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. गाडीतला पंपही तळातूनच ओढतो. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी-अर्धी न ठेवता जवळपास भरून ठेवा, म्हणजे आत ओली हवा कमी राहते.

जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम या पेट्रोलचा विचार करून बनलेले नव्हते. ते मऊ पडतात, आतून सोलवटतात, आणि सोललेला पापुद्रा झडपेसारखा कधी वाट अडवतो, कधी सोडतो. पाइप बोटांनी दाबून बघा: चिकट, फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर इथेनॉल चालणाऱ्या रबराचा नवा घाला. क्लिपही नव्या घ्या.

एप्रिल-मेमध्ये घाट चढून वर थांबलं आणि मग गाडी चालूच होईना, तर तो व्हेपर लॉक. इंजिनाला चिकटलेल्या एसी पंपात पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. लगेच चालू झाली तर निदान पक्कं. उपाय म्हणजे पाइप सायलेन्सरपासून दूर घ्या, त्यावर उष्णतारोधक आवरण चढवा, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का बघा. एमपीएफआयमध्ये पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी पावाखाली नेऊन घाट चढू नका.

पाय काढला की बंद

कार्ब्युरेटरवर एक छोटा सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर तो "टक" वाजायला हवा. त्याची वायर सैल असेल तर आयडलचं पेट्रोल बंद होतं, रेस दिली की गाडी चालते, पाय काढला की मरते. वर्षानुवर्षं रेसिंग वाढवून चालवलेल्या कितीतरी गाड्यांत खरा दोष एवढाच असतो. तो वाजत असेल तर आयडल जेट हवेच्या झोताने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं.

एमपीएफआयमध्ये हेच काम आयडल एअर व्हॉल्व्ह करतो. थ्रॉटल बॉडी उतरवून कार्बन क्लीनर आणि मऊ ब्रशने तो आणि फुलपाखरू (पाय दाबला की फिरून हवेची वाट उघडणारी चकती) साफ करा. सोबत व्हॅक्यूमच्या नळ्या बघा, ब्रेक बूस्टरची जाड नळीसुद्धा. फाटकी नळी सुसकारते आणि इंजिन वरखाली डुलतं. आयडल साधारण ८०० ते ९५० आरपीएमला स्थिर हवं.

तापल्यावर एका क्षणात बंद, थंड झाल्यावर चालू

एमपीएफआयमध्ये ही खूण क्रँक किंवा कॅम सेन्सरची (इंजिन कुठवर फिरलं ते ईसीयूला सांगणारे), नाहीतर कॉइलची. आतली तार उष्णतेने फुगते, तुटक्या जागी संपर्क सुटतो, थंड झाल्यावर जुळतो. आरपीएमचा काटा असेल तर बघा. गाडी अजून उतारावर गिअरमध्ये चालत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर सेन्सरचा संशय पक्का. बंद पडल्याबरोबर सेन्सरवर ओलं, पिळलेलं फडकं धरा. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर तोच. घरी उलटं करता येतं: सेन्सर काढून मल्टीमीटर ओह्मवर लावा आणि हेअर ड्रायरने तापवा. दोन तारांच्या सेन्सरमध्ये आकडा एकदम अनंतावर गेला तर तो मेला. तीन तारांच्या सेन्सरला ही चाचणी लागू नाही, त्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सिग्नल बघून घ्या.

जुन्या मारुती एमपीएफआयमध्ये निदानाच्या कनेक्टरच्या दोन पिना वायरने जोडल्या की इंजिनाचा दिवा लुकलुकून कोड देतो. एक लुकलुक, विराम, दोन लुकलुक म्हणजे १२, दोष नोंदलेला नाही. पिना मॉडेलप्रमाणे बदलतात, पुस्तक बघूनच जोडा. आणि १२ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सैल अर्थिंगचा कोड नसतो.

दोन दिव्यांची युक्ती

इतकं करूनही दोष हाती लागत नसेल तर १२ व्होल्टचे दोन छोटे दिवे घ्या. एक कॉइलच्या प्लस वायरवरून, दुसरा पेट्रोल पंपाच्या वायरवरून, प्रत्येकात २ अँपिअरचा फ्यूज घालून डॅशबोर्डवर आणा. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत दुसरा दिवा सोलेनॉइडवर. शेजारी बसणाऱ्याला नजर ठेवायला सांगा, चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं. गाडी मेल्या क्षणी दोन्ही दिवे एकदम गेले तर स्विच, मुख्य रिले किंवा त्यांच्या वायर. कॉइलचा लागलेला आणि पंपाचा आधी गेला, मग इंजिन अडखळून मेलं, तर पंपाचा रिले किंवा वायर. इंजिन आधी मेलं आणि दोनेक सेकंदांनी पंपाचा दिवा गेला, तर पंप निर्दोष आहे. क्रँकचा सिग्नल थांबल्यावर ईसीयू पंप बंद करतो, सेन्सरकडे वळा. दोन्ही दिवे लागलेलेच राहिले तर वर सांगितलेल्या ठिणगीच्या आणि पेट्रोलच्या तपासणीकडे जा.

एका वेळी एकच भाग बदला आणि वहीत तारीख लिहा. मग गाडी त्याच परिस्थितीत न्या: तापल्यावर बंद पडत होती तर दुपारी घाट चढवा, पावसात पडत होती तर पावसातच. किमान दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत रात्रीचा घाट एकट्याने करू नका. काढलेला जुना भाग फेकू नका. बदलूनही दोष राहिला, तर तो भाग चांगला होता असं समजायचं. कागदात गुंडाळून, वर नाव घालून डिकीतल्या त्या पिशवीत ठेवा, वाटेत सुटा भाग म्हणून उपयोगी पडतो.